कवळ्यांचं रजिस्टर आणि सेल्वमची वही

माझ्या दवाखान्यात कवळ्यांसाठी वेगळं रजिस्टर आहे. प्रत्येक पानावर आठ रकाने, मी स्वतः पट्टीने आखलेले. नाव, गाव, वय, कवळी दिल्याचा दिवस, आणि पुढे चार तपासण्या: दुसऱ्या दिवसाची, आठवड्याची, महिन्याची आणि वर्षाची. पहिले सहा रकाने बहुतेक पानांवर भरलेले दिसतील. सातव्यात अधूनमधून खूण आहे. आठवा जवळजवळ कोराच. सुरुवातीची काही वर्षं तो कोरा रकाना मला फार आवडायचा. माणूस आला नाही म्हणजे दुखत नाही, दुखत नाही म्हणजे समाधानी आहे, असं माझं साधं गणित होतं. महिन्याच्या शेवटी रजिस्टर चाळताना तो कोरेपणा मला शाबासकीसारखा वाटे.

माझी ओळख थोडक्यात उरकते. मी तंजावूरची. आमची माणसं मराठा राजांच्या काळात इथे आली आणि राहिली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी तुमच्या कानाला जुनी लागेल. देवनागरी आमच्यात थोड्यांनाच वाचता येते; मला येते, कारण दंतवैद्यकी शिकायला मी नागपूरला काकांकडे राहिले होते. लग्न पुन्हा गावातच झालं आणि मेल वीथीत, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावर, एका भांड्यांच्या दुकानावर, मी दवाखाना थाटला.

आता कवळीविषयी. पुष्कळांना ती चपलेसारखी वाटते. माप दिलं, करून आली, घातली, निघाले. पण पाय बदलत नाही, तोंड बदलतं. दात गेले की जबड्याच्या हाडाला काम उरत नाही आणि ते दरवर्षी थोडंथोडं झिजतं. कवळी मात्र पहिल्या दिवशी होती तशीच राहते. वरची टाळूला चिकटते, थुंकीच्या पातळ थरावर, म्हणून ती जरा भरवशाची. खालची म्हणजे जिभेच्या मर्जीवर राहणारी भाडेकरू. जिभेने मनात आणलं की ती उठलीच. म्हणून कवळी देणं हे अर्धं काम, आणि पुढे वर्षानुवर्षं तिची कड घासणं, आतून नवा थर देणं, चावा जुळवणं हे उरलेलं अर्धं. हे मला परीक्षेत पूर्ण गुण मिळवण्याइतकं पाठ होतं.

आणि ती वर्षं नव्या वस्तूंची होती. दवाखान्याच्या जिन्याखाली एसटीडीचं पिवळं खोकं आलं, गच्च्यांवरून केबलच्या तारा गेल्या, आणि औषधविक्रेते बॅगेतून परदेशी दातांच्या पट्ट्या काढून टेबलावर मांडू लागले. सोळा छटा. एका रुग्णाचा मुलगा अमेरिकेत होता. त्याने वडिलांसाठी सगळ्यात पांढरी छटा फोनवरून पक्की केली. वडिलांचा रंग तव्यासारखा, वय चौऱ्याहत्तर. कवळी घालून ते आरशात बघून म्हणाले, हे दात मुलाचे आहेत, मी फक्त सांभाळणार. आणि खरंच डबीत सांभाळून ठेवले. दुसरे एक हेडमास्तर होते. त्यांची कवळी माझ्या हातून झालेल्या उत्तम कवळ्यांपैकी एक, पण ते ती फक्त लग्नाला घालायचे. मी त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘हौशी. सवय करत नाहीत.’

त्याआधी माझं प्रयोगशाळेचं काम सेल्वम करायचा. सेल्वम म्हणजे दातांचा मेकॅनिक. डॉक्टर तोंडाचं माप घेतो, मेकॅनिक त्यावरून प्लॅस्टरचा साचा करून, मेणात दात बसवून, शेवटी कवळी शिजवून देतो. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा, बारीक, नखांत कायम प्लॅस्टर. त्याची भट्टी म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह आणि झाकणाचं पातेलं. मग मद्रासच्या एका नव्या प्रयोगशाळेचं गुळगुळीत पत्रक आलं. कवळ्या कुरिअरने, फोमच्या डब्यात, हिरड्यांवर बारीक लाल शिरासुद्धा काढलेल्या. मी काम तिकडे वळवलं. सेल्वमला हे मी स्वतः सांगितलं नाही. माझी मदतनीस मल्लिका, तिच्याबरोबर निरोप धाडला. काही दिवसांनी कळलं की तो तिरुवैयारूला आपल्या गावी गेला. मी माझ्या यादीतल्या त्याच्या नावावर रेघ मारली.

पुढे कधीतरी मी तपासणीची कार्डं छापून घेतली. ‘आपल्या कवळीला एक वर्ष झाले, कृपया येऊन जावे’, तमिळमध्ये, खाली माझी सही. एका महिन्यात तीस टाकली. दोन माणसं आली. त्यातला एक चुकून.

मग जानकी टीचर आल्या. तिरुवैयारूला त्या मुलींना गाणं शिकवतात, साठीच्या पुढच्या. त्यांच्या दोन्ही कवळ्या मी तीन वर्षांपूर्वी केल्या होत्या आणि आठवा रकाना अर्थातच कोरा होता. त्या स्वतःसाठी आल्याच नव्हत्या. बहिणीचा दात काढायचा होता. बहीण तोंड बधिर होण्याची वाट बघत बसली, म्हणून मी टीचरना म्हटलं, बसा, तुमचीही बघू. खालची कवळी काढून उजेडात धरली आणि माझा हात थांबला. जिभेकडची कड कोणीतरी कमी केली होती. नुसती कमी नव्हे, मागच्या बाजूला एका वळणाने खाली नेऊन पुन्हा वर घेतली होती आणि आरशासारखी चमकवली होती. मी असं केलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते सुचलं नसतं.

मी विचारलं, हे कोणी केलं. त्या म्हणाल्या, आमचा सेल्वम. इतक्या सहज, जणू मी शिंप्याचं नाव विचारलं होतं. वर मला समजावलं की मंगळवारी गर्दी असते, कवळीवाले सगळे मंगळवारी येतात. तुमचेही बरेच असतात, डॉक्टर.

तुमचेही बरेच. हे दोन शब्द मी त्या दिवशी घरी नेले आणि आमटीत मीठ दोनदा पडलं.

पुढच्या मंगळवारी मी दवाखाना मल्लिकावर सोपवून तिरुवैयारूची बस पकडली. वाटेत नद्यांवरचे पाच पूल लागतात. मी प्रत्येक पुलावर स्वतःला एकेक कारण देत होते. सामान बघायला चालले. जुन्या माणसाची चौकशी करायला चालले. पाचव्या पुलापर्यंत कारणं संपली. सेल्वमची खोली अग्रहाराच्या, म्हणजे ब्राह्मण आळीच्या, मागे, एका किराणा दुकानाच्या ओसरीला लागून. मी समोरच्या झाडाखाली उभी राहिले आणि बाहेरच्या चपला मोजल्या. चौदा जोड. त्या वेळी माझ्या जिन्यावर, चांगल्या दिवशी, पाच असायचे. त्यातही हिरड्या सुजलेले आणि पोरांचे दुधाचे दात धरून.

दार उघडंच होतं. आत खुर्ची नव्हती, दिवा नव्हता, पाट होते. सेल्वमच्या पुढ्यात एक डबा. त्यात मुरुक्कू, म्हणजे तुमची चकली, दाण्याची चिक्की, आणि केळीच्या पानात गुंडाळलेली विड्याची पानं. समोर बसलेल्या शेतकऱ्याला त्याने मुरुक्कू दिला आणि स्वतः डोळे मिटून मान कलती करून बसला. तो ऐकत होता. शेतकरी चावत होता, सेल्वम ऐकत होता. मग डोळे न उघडता त्याने बोटाने आपल्याच उजव्या गालावर एक जागा दाखवली, शेतकरी हसला आणि म्हणाला, तिथेच. कवळी बाहेर आली, कानस तीनदा फिरली, कवळी आत गेली, दुसरा मुरुक्कू.

हे काम मी निळ्या कागदाने करते. रुग्णाने कागद चावायचा, जिथे रंग गडद उमटेल तिथे घासायचं. ते शास्त्र आहे. पण कागद कोणी जेवणात खात नाही, हे माझ्या मनात झाडाखाली उभं असताना आलं, आणि आलं याचाच मला जास्त राग आला.

त्या माणसाबद्दल मला काय वाटत होतं ते सरळ लिहिते. दुसऱ्या बाईच्या घरी आपल्या घरच्या माणसाच्या चपला दिसाव्यात, तसं. पदवी माझी, खुर्ची माझी, कवळ्या माझ्या. आणि माझीच माणसं तिथे मांडी घालून बसली होती, एकमेकांशी गप्पा मारत, आपल्या पाळीची घाई नसल्यासारखी. माझ्याकडे ती भिंतीवरचं घड्याळ बघायची. हेडमास्तरही होते. कवळी घालून. लग्न नव्हतं कुठे.

घरी येऊन मी यादी केली. माझ्या रागाला यादीची सवय आहे. शीर्षक: ‘विनापरवाना व्यवसाय’. एक, मेकॅनिकला रुग्णाच्या तोंडाला हात लावण्याची परवानगी नाही. दोन, उपकरणं उकळली जात नाहीत. तीन, न भरणारा व्रण ओळखण्याचं शिक्षण नाही, आणि असा व्रण कर्करोगाचा असू शकतो. चार, दुसऱ्या डॉक्टरच्या कवळीत बदल. पाच, बसायची सोय अयोग्य. सहा, खाद्यपदार्थ. सात, गर्दी. पहिले चार मुद्दे आजही मी कोणापुढेही मांडेन. कायदा माझ्या बाजूने होता आणि आहे. पाच ते सात काय होतं ते मला तेव्हाही कळत होतं. यादी मी स्वच्छ अक्षरात अर्ज म्हणून उतरवली, आरोग्य खात्याच्या कचेरीचा पत्ता घातला, आणि पाकीट खणात ठेवलं. ठेवलं, टाकलं नाही. दोन आठवडे ते खणात होतं. रोज खण उघडून मी ते तिथे आहे हे बघत असे.

इथे माझ्या सासऱ्यांना आणलं पाहिजे. मामंजी ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, थोडं बोलणारे. त्यांची कवळी माझ्या रजिस्टरमधलं पहिलं पान. नव्या रुग्णाची भीती जात नसली की मी त्यांना घरून बोलावून घ्यायची आणि ते खुर्चीशेजारी उभं राहून शांतपणे दात दाखवायचे. नऊ वर्षं. दर वर्षी मी विचारायची, ते नाही म्हणायचे, मी खूण करायची. साऱ्या रजिस्टरात आठवा रकाना नियमाने भरलेला असा एकच.

दीपावलीच्या सकाळी ते ओसरीवर बसून मुरुक्कू खात होते. कडक, कुरकुरीत, नवा. मी दारातून बघत होते आणि मनात म्हणत होते, सेल्वमने यावं आणि हे बघावं. मग ते तोंड धुवायला गेले. कवळी त्यांनी नेहमीसारखी वाटीत ठेवली आणि मी ती नुसती कौतुकाने उचलली. जिभेकडची कड एका वळणाने खाली जाऊन वर आली होती. आरशासारखी.

मामंजी दर महिन्याला एका मंगळवारी कावेरीच्या स्नानाला तिरुवैयारूला जात. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. परत येताना त्यांचं धोतर कोरडं असायचं. हे मी पाहिलं होतं आणि कधी विचार केला नव्हता.

“कधीपासून जाता तिकडे?” मी विचारलं. वाटी माझ्या हातातच होती.

“दोन वर्षें होत आलीं.”

“आणि मला सांगितलं नाही.”

“तूं विचारतेस, दुखतें का मामंजी. मी म्हणतों, नाहीं. तूं खूण करतेस. सरी, झालें.”

“दुखत होतं तर सांगायचं होतं ना.”

कवळीशिवाय त्यांचं तोंड आत गेलेलं होतं आणि शब्द मऊ येत होते. ते म्हणाले, “दुखतें म्हणून सांगितलें, तर तुझें तोंड उतरतें. त्याचें उतरत नाहीं. तो हसतो, आणि घासतो.”

मी वाटी खाली ठेवली. दीपावली होती, घरात पाहुणे होते, मी सगळ्यांना वाढलं. सुट्टीनंतर पोस्ट उघडलं त्या दिवशी पहिल्या तासाला मी पाकीट रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पावती यादीला टाचली.

माझ्या बाजूने सांगायला एवढंच आहे की मी फार झटपट काम करते.

तीन आठवड्यांनी जानकी टीचरच्या बहिणीकडून कळलं की कचेरीतून माणसं आली होती, खोलीला कुलूप आहे. मला आनंद झाला. त्याचा आकार मला नीट आठवतो: दुपारच्या जेवणापासून चार वाजेपर्यंत. चार वाजता सेल्वम जिना चढून आला.

मल्लिकाने त्याला बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही. मला वाटलं आता आवाज चढेल, म्हणून मी मल्लिकाला थांबायची खूण केली. त्याने पिशवीतून शाळेच्या मुलांची असते तसली जाड वही काढून टेबलावर ठेवली.

“अर्ज तुमचाच, डॉक्टरम्मा,” तो म्हणाला. “त्यांनी मला लांबून दाखवला. नाव झाकलेलं होतं. पण मुद्दे एक ते सात. या जिल्ह्यात दुसरं कोण असं लिहील?”

मी टेबलावरचं रजिस्टर सरळ करून ठेवलं.

“बरोबरच लिहिलंय. सहावा सोडून. मुरुक्कू माझी बायको करते, स्वच्छ असतो.” मग त्याने वहीवर हात ठेवला. “यात सगळे आहेत. एकेचाळीस तुमचे. बाकीचे इकडचे तिकडचे. घाई फक्त जानकी टीचरची आहे. मार्गळी महिन्यात त्यांचं गाणं आहे, संगीतसभेत, आणि खालची पुन्हा सैल झालीय. आता नुसतं घासून भागायचं नाही, आतून थर द्यायला हवा. ते तुम्हाला करावं लागेल.”

मी त्याला म्हटलं, माझ्याकडे कामाला या. मागची खोली रिकामी आहे. हे म्हणताना मला मनापासून वाटत होतं की त्याने यावं, आणि तितक्याच मनापासून वाटत होतं की येऊ नये.

तो हसला. मामंजी म्हणाले होते तसाच. “मागच्या खोलीत चावण्याचा आवाज येत नाही, डॉक्टरम्मा.” मुलगी तिरुप्पूरला असते, जावयाला बनियनच्या कारखान्यात बरं काम आहे, तिकडे जातोय, असं सांगून त्याने जिना उतरताना चपला हातात घेतल्या, कारण जिना नुकताच पुसलेला होता.

वही मी त्या दिवशी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी उघडली आणि रुग्ण खोळंबले.

माझ्या रजिस्टरात रकाने होते. त्याच्या वहीत माणसं होती. प्रत्येकाला अर्धं पान, तमिळमध्ये, पेन्सिलने. आणि काय खातो, हे पहिल्या ओळीत. ‘कंदियूरची आजी. सुपारी कुटून खात होती. आता खलबत्ता शेजारणीला देऊन टाकला.’ अशी ओळ मला माझ्या रजिस्टरात हवी होती. कितीतरी पानं उलटून मी पुन्हा तिच्याकडे येत होते. हेडमास्तर: ‘वरच्या कवळीने उलटी येते, लाजेने सांगत नाहीत. टाळूची मागची कड दोन केस कमी. आता रोज घालतात.’ मी त्यांना हौशी म्हटलं होतं. एका म्हातारीबद्दल: ‘जेवत नाही. मुलगा गेला. दातांचा दोष नाही. काही करू नये.’ मी असते तर नवा थर दिला असता.

आणि एक पान, ज्याच्यापुढे मी बराच वेळ बसले. ‘तंबाखूवाला. गालातला व्रण तीन आठवडे भरत नाही. डॉक्टरम्माकडे पाठवला. माझं नाव सांगू नको म्हटलं.’ तो माणूस मला आठवत होता. आला होता, मी व्रण ओळखला होता, वेळेत मोठ्या रुग्णालयात धाडला होता, आणि वर्षभर ती गोष्ट माझ्या तीक्ष्ण नजरेची म्हणून सांगितली होती. अर्जातला तिसरा मुद्दा.

वाचताना पश्चात्ताप झाला, असं लिहिलं तर शोभून दिसेल. झालाही. पण त्याच्या आधी, आणि त्याच्यापेक्षा जास्त, पुन्हा तेच झालं. आधी मला त्याच्या दारातल्या चपलांचा मत्सर होता, आता वहीचा. याद्या करणं ही माझी एकमेव खास गोष्ट होती, आणि त्यातही तो पुढे निघाला.

जानकी टीचरना मी कार्ड टाकलं नाही, मल्लिकाला पाठवून बोलावून घेतलं. त्यांच्या पानावर लिहिलं होतं: ‘वरच्या षड्जाला जीभ मागे ओढतात, खालची उचलते. गायला लावून बघणे.’ मी नऊ-दहा वर्षांत कोणाला खुर्चीत गायला लावलं नव्हतं. मला लाज वाटत होती, त्यांना मुळीच नाही. त्यांनी सूर लावला तशी बाहेरची दोन माणसं बोलायची थांबली. मी त्यांच्या समोर गुडघ्यावर बसून खालच्या ओठाकडे बघत होते. मधल्या सप्तकात कवळी जागच्या जागी. वरच्या षड्जावर ती उठली, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ‘सा’तून शीळ आली. त्या थांबल्या आणि गालातल्या गालात म्हणाल्या, हे बघा, साप निघाला.

आतून थर दिला. पहिल्या दिवशी कवळी जाड झाली आणि बोलताना अडखळली. दुसऱ्या दिवशी बोलणं सुधारलं, षड्ज नाही. त्या म्हणाल्या नाहीत, पण मला कळत होतं की मुलींसमोर त्यांची ही शेवटची काही वर्षं आहेत आणि शीळ ऐकून मागच्या रांगेतली एखादी हसली तर त्या पुन्हा व्यासपीठावर बसणार नाहीत. तिसऱ्या दिवशी मी निळा कागद बाजूला ठेवला, त्यांना गायला लावून तिथल्या तिथे कड घासत गेले. चौथ्या वेळी षड्ज स्वच्छ आला. अकरा वेळा म्हणायला लावला. मी मोजल्या.

सभेला मी मल्लिकाला घेऊन तिसऱ्या रांगेत बसले. गाणं कसं झालं मला सांगता येणार नाही, मी तासभर एका ओठाकडे बघत होते. कवळी हलली नाही. नंतर त्या स्वतः भेटायला आल्या, माझा हात धरला, म्हणाल्या, फार छान झालं. आणि मग, अगदी प्रेमाने, “सेल्वम असता तर एकाच बैठकीत झालं असतं.” मी हसले. परतीच्या बसमध्ये पाचही पूल कधी गेले ते मला कळलं नाही.

मामंजींचं पान मी वाचलं नव्हतं. वहीत ते होतं, मला दिसलं होतं, मी त्यावर कागद ठेवून पुढे गेले होते. घरात ते मंगळवारचं स्नान आता बंद होतं. कोणी बोललं नाही. पण मार्गळी संपेपर्यंत त्यांचं पानातलं जेवण हळूहळू दहीभातावर आलं. पापड ते नातवाच्या पानात ठेवायचे, मुरुक्कूचा डबा पुढे सरकवला की पोट जड आहे म्हणायचे. मी विचारलं, दुखतंय का. नाही म्हणाले.

मग मी तो कागद उचलला. नोंद लहान होती.

‘तालुका कचेरीचे राव. डॉक्टरम्मांचे सासरे. कवळी उत्तम केलेली आहे, फक्त हाड झिजतंय. मुरुक्कू आवडतो. दुखलं तरी नाही म्हणतात. डावा डोळा बघणे.’

दुसऱ्या दिवशी दुपारी, रुग्ण नसताना, मी त्यांना दवाखान्यात नेलं. खुर्चीत बसवलं नाही. बाहेरच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले आणि घरून नेलेला डबा उघडला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कचेरीत सही करायची असल्यासारखा एक मुरुक्कू उचलला. आरसा, दिवा, काहीच माझ्या हातात नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

“ठीक?” मी विचारलं.

“सरी.”

दुसऱ्या घासाला डावा डोळा अर्धा मिटला आणि लगेच उघडला. इतकंच. नऊ वर्षं मी त्या डोळ्याच्या दोन-तीन इंच खाली बघत आले होते.

“खालची काढा, मामंजी.”

त्यांनी चावणं थांबवलं. “त्यानें सांगितलें तुला.”

“वहीत लिहिलं आहे.”

त्यांनी कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी तिथेच, बाकावर, पदरावर भुगा सांडत घासलं. बसवली. मुरुक्कू. डोळा पुन्हा मिटला, कमी. पुन्हा काढली. माझं तोंड उतरलेलं असणार, कारण ते एकदा म्हणाले, राहूं दे आतां. मी हसून बघितलं. ते काही सेल्वमसारखं जमलं नाही, आणि त्यांनाही ते दिसलं. पाचव्या वेळी त्यांनी अख्खा मुरुक्कू संपवला आणि दोन्ही डोळे उघडे होते.

मी आत जाऊन रजिस्टर आणलं. आता त्याला नववा रकाना आहे: ‘काय खाल्लं’. पहिलं पान उघडून मी त्यात लिहिलं, आणि आठव्या रकान्यात खूण करायला पेन टेकवलं.

“खूण नको करूंस एवढ्यांत,” मामंजी म्हणाले. डब्यातला आणखी एक त्यांनी उचलला होता. “मंगळवारीं येतों परत.”